कॅशियर, मुक्काम विहार

परदेशातून धर्मकार्यासाठी आलेली माणसं नागपूरला नवी नाहीत. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री इथे आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी टिपून घेतली, दगड फोडून जीवाश्म गोळा केले आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून एकटेच परतताना पुराच्या नाल्यात वाहून गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थवीर चंद्रमणी राहायचे कुशीनगरला, पण मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. त्याच वर्षी ६ डिसेंबरला संघरक्षित हे इंग्रज भिक्षू नागपूर स्टेशनवर उतरले आणि थोड्याच वेळात बाबासाहेब गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या अफाट गर्दीपुढे ते बोलले आणि पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून सभा घेत फिरले. जपानचे सुरई ससाई १९६० च्या दशकात आले, इंदोऱ्यात राहिले, ते इथलेच झाले.

या सगळ्यांबद्दल लिहिलं गेलंय. हिस्लॉपसाहेबांच्या नावाचं तर कॉलेजच आहे. पण यांची तिकिटं कोण काढायचं, यांना वेळेवर जेवायला कोण घालायचं, यांच्या वतीने रिक्षावाल्याशी भाव कोण करायचं? त्या माणसाचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. निवृत्तीनंतर मला स्वतःलाच तो माणूस व्हायची संधी मिळाली, आणि त्याचा उल्लेख का होत नसावा तेही कळलं.

झालं असं, की आमच्या उत्तर नागपुरातल्या विहारात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, श्रीलंकेहून एक तरुण भंते येणार असं ठरलं. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांनी जाताना मला क्षमा केली आहे, ती उगाच उकरून काढायला नको. हे भंते अरण्यवासी परंपरेतले. पैशाला हात लावत नाहीत. नोट नाही, नाणं नाही, पाकीटही नाही. अशा भिक्षूंच्या वतीने पैसे सांभाळणारा, विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांत बसेल असं सगळं जुळवून देणारा जो गृहस्थ असतो, त्याला कप्पियकारक म्हणतात. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आपले साहेब जन्मभर बँकेत कॅशियरच होते न!" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दुसऱ्याच्या पैशाला हात लावण्याचा एवढा अनुभव वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

मी ते पद फारच मनावर घेतलं. घरी आल्याबरोबर लांबट वही काढली, समास आखले. शिवाय वस्तीतल्या सगळ्या घरांना ताकीद दिली. रोज एका घराकडून भोजनदान येणार होतं. मी दारोदार जाऊन सांगितलं, "भंते परदेशी आहेत. तिखट अजिबात नको. फोडणीसुद्धा जपून." श्रीलंका नकाशात कुठे आहे आणि तिथली माणसं काय खातात, याची चौकशी करावी असं मला वाटलं नाही. परदेशी माणूस म्हणजे मिरची लागली की लालबुंद होऊन पाणी मागणारा, हे ज्ञान मला हिंदी सिनेमातून मिळालेलं होतं आणि ते मला पुरेसं वाटत होतं. माझी मंडळी तेव्हाच म्हणाली होती, "त्यांना तर विचारा आधी." मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात?" या वाक्याची किंमत पुढे चार महिने एका निरपराध माणसाने मोजली.

पहिल्या दिवशी भोजनदान आमच्याच घरचं. मी ताट नेऊन चटईवर भंतेंच्या समोर ठेवलं, वाकून वंदन केलं आणि बाहेर ओट्यावर येऊन लोकांना विनयाचे नियम समजावून सांगू लागलो. भिक्षू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, उरलेलं अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाहीत, वगैरे. बऱ्याच वेळाने आत डोकावलो तर भंते डोळे मिटून बसलेले आणि ताट जसंच्या तसं. मला वाटलं, ध्यान. मी पुन्हा ओट्यावर. शेवटी एका जाणत्या आजोबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, ताट हातात दिलं का तुम्ही?" अन्न हाताच्या अंतरावरून प्रत्यक्ष अर्पण केल्याशिवाय भिक्षूला तोंडात घालता येत नाही. समोर ठेवलेलं ताट म्हणजे नुसतं ठेवलेलं ताट. मी धावत आत गेलो, ताट उचलून दिलं. भंतेंनी हसून घेतलं, मोबाइलकडे पाहिलं आणि आठ-दहा घासांत जेवण संपवलं. मध्यान्ह टळायला एवढाच वेळ उरला होता.

हा मध्यान्हाचा विषयही मी हातात घेतला. भिक्षूचा मध्यान्ह घड्याळातले बारा नव्हे. सूर्य माथ्यावर येतो तो क्षण. तो रोज सरकतो. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला सूर्योदय आणि सूर्यास्त घेतला, दोहोंचा मध्य काढला आणि जुलैचा मध्यान्ह १२ वाजून ४५ मिनिटांनी असं जाहीर करून टाकलं. वहीत तारीखवार तक्ता केला, खाली सही ठोकली. दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला डबा घेऊन आरामात पोचलो तर भंतेंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यांच्याकडे जागेनुसार मध्यान्ह सांगणारं अ‍ॅप होतं. त्यात १२ वाजून २० मिनिटं. म्हणजे पाच मिनिटं उरलेली. दिनदर्शिकेतल्या वेळा मुंबईच्या होत्या. मुंबई आपल्या पश्चिमेला सहा रेखांश. तिथे सूर्य पंचवीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. भारताचा मध्य आपल्याकडे आहे असं सांगत झिरो माइलच्या दगडापाशी पाहुण्यांचे फोटो काढणारा मी नागपूरकर, माझ्या हिशेबात सूर्य मुंबईहून येत होता.

अ‍ॅपवरून पुढे कळलं की नागपूरचा मध्यान्ह फेब्रुवारीत साडेबाराच्या जवळ जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारालाही तीन मिनिटं कमी असताना उरकतो. हे मी वहीत लिहून घेतलं. ही नोंद पुढे उपयोगी पडायला हवी होती.

दुपारनंतर जेवण नाही, पण कोरा चहा, गाळलेला फळांचा रस चालायचा; तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-साखर ही औषधं म्हणून चालायची, तीही स्वीकारल्यापासून सातच दिवस. बँकेत मुदत ठेवी सांभाळलेल्या माणसाला यापेक्षा आनंदाचं काम कोणतं? मी गुळाचं खातं उघडलं. कुणी दिला, किती, स्वीकारला कधी, मुदत कधी संपते. विहाराच्या कपाटात प्रत्येक ढेपेवर चिठ्ठी. एकदा एक आजीबाई गुळाची ढेप घेऊन आल्या आणि मी त्यांना पावती दिली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट पाहून विचारलं, "साहेब, हे परत कुठं आणून द्यायचं?"

आता कूलर. जुलैत ऊन उतरतं पण उकाडा उतरत नाही, तेव्हा भंतेंच्या खोलीत मी कूलर बसवून दिला. नव्या ताट्या लावल्या, टाकी भरली. आठवड्याने भंते म्हणाले, "उपासकजी, टाकीत पिल्लं आहेत." पाहतो तर डासांच्या अळ्यांची वस्ती. जीव आहेत हे माहीत असताना ते पाणी भिक्षू ओतू शकत नाही. मला सांगूही शकत नाही. त्यांनी फक्त माहिती दिली. आता मीही दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसून पंचशील म्हणणारा. पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं. भंतेंच्या समोर ती टाकी मी कोणत्या तोंडाने उलटी करणार? मी डोकं लढवलं आणि गप्पी मासे आणून टाकीत सोडले. म्हणजे मी काही केलं नाही, जे केलं ते माशांनी. भंतेंनी माशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले काही नाही. पुढे पंपाच्या जाळीत एक मासा अडकला, तो सोडवायला दोघे मिळून अर्धी रात्र कूलर उघडून बसलो, आणि सकाळी महापालिकेचा फवारणीवाला आला. त्याने "काय साहेब, डेंगू पाळून राहिले का?" म्हणत, मासे माझ्या हातातल्या बादलीत काढून, टाकी नालीत ओतली आणि शिट्टी वाजवत निघून गेला. मी इतक्या कृतज्ञतेने आजवर कुठल्या सरकारी माणसाकडे पाहिलेलं नाही.

ऑक्टोबरात काटोलकडच्या एका शेतकरी उपासकाने आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी पाठवली. बियांचं फळ भिक्षूला सरळ सोलून खाता येत नाही, कारण बी रुजू शकतं. गृहस्थाने आधी त्याला चाकूने किंवा नखाने टोचून ते कप्पिय, म्हणजे घेण्याजोगं करून द्यावं लागतं. एवढं मी वाचून ठेवलं होतं, आणि एवढंच वाचून ठेवलं होतं. दाभण घेतलं, पाटावर बसलो आणि एकेक संत्रं टोचायला लागलो. प्रत्येकाला विधिपूर्वक. साल टोचली की संत्रं डोळ्यात पिचकारी मारतं, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको, पण एका पेटीतल्या सगळ्या संत्र्यांनी मारल्यावर काय होतं ते मी सांगू शकतो. डोळे लाल, बोटं पिवळी. पेटी संपत आली तेव्हा भंते येऊन शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "फळं एकमेकांना चिकटून एका ढिगात असली, की एक टोचलं तरी सगळी टोचल्यासारखी."

"मग आधी का नाही सांगितलं, भंते?"

"आपण फार श्रद्धेने टोचत होतात."

टोचलेली संत्री टिकत नाहीत. पुढचे दिवस अख्खी वस्ती संत्री खात होती.

इतकं होऊनही भंतेंचं काम उत्तम चाललं होतं. सकाळी मुलांना पाली शिकवायचे, संध्याकाळी धम्मदेसना, आणि मधल्या वेळात मराठी शिकायचे. पोट्ट्यांशी क्रिकेट खेळत नसत, पण पंच म्हणून उभे राहत, आणि त्यांनी बाद दिलेल्या पोराने कधी वाद घातला नाही. एकच गोष्ट मला खटकत होती. ते वाळत चालले होते. आमच्या वस्तीतल्या बाया एरवी सावजीच्या तोडीस तोड हात चालवणाऱ्या. पण माझ्या ताकिदीपायी रोज कुणाच्या घरून बिनफोडणीचं वरण, कुणाकडून मुगाची पातळ खिचडी, कुणाकडून उकडलेला दोडका. भंते सगळं शांतपणे घ्यायचे आणि थोडं खायचे. मी सगळ्यांना सांगायचो, "बघा, किती संयम! याला म्हणतात मात्राज्ञता."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, वर्षावास संपून त्यानंतरचं कठिन चीवरदानही झाल्यावर, भंतेंना मनसर पाहायचं होतं. रामटेकजवळचं हे जुनं स्थळ. १९९० च्या दशकाअखेर ससाई भंतेंच्या पुढाकाराने तिथे उत्खनन झालं. मी कार्यक्रम आखला. सकाळी कामठीला १९९९ साली जपानी देणगीतून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर, तिथून एसटीने मनसर, साडेअकराला डबा, ११ वाजून ५७ मिनिटांनी मध्यान्ह. सगळं वहीत.

कामठीच्या थांब्यावर रामटेकची बस उभी होती. भंतेंना खिडकीशी बसवलं. ड्रायव्हर खाली चहा पीत होता, कंडक्टर बोलत उभा. समोर कढईतून आलूबोंडे निघत होते. सकाळपासून मी धर्मकार्यात. पोटात काही नव्हतं. उतरावं म्हटलं. आता बसमध्ये सामान ठेवून उतरणं कॅशियरच्या रक्तात नाही. रोकड नजरेआड करायची नाही, ही आयुष्यभराची शिस्त. मी पैशाचं पाकीट घेतलं, डब्याची पिशवी घेतली, पाण्याची बाटली घेतली, छत्री घेतली. चोरीला जाण्यासारखं जे जे होतं ते सगळं बरोबर घेऊन उतरलो. भंते तेवढे बसमध्ये ठेवले.

पहिला आलूबोंडा तर्रीत बुडवून तोंडात घातला आणि मोबाइल वाजला.

"उपासकजी, बस चालली आहे. आपण कुठे बसलात?"

तोंडात गरम बटाटा असताना माणसाला खरं बोलता येत नाही. खोटंही येत नाही. मी "ह्ह्ह" एवढंच म्हणालो. रस्त्यावर आलो तेव्हा बसची मागची काच लांब वळणावर दिसली. खिशात एक पैसा नसलेला, भुकेलेला, परदेशी माणूस घेऊन एसटी कन्हानच्या पुलाकडे निघाली होती, आणि त्याचं जेवण माझ्या हातात होतं. हिस्लॉपसाहेब त्या रात्री एकटे होते हे वाचून मला नेहमी हळहळ वाटायची. सोबत कुणीतरी हवं होतं असं वाटायचं. त्या क्षणी वाटलं, सोबत कोण आहे यावरही बरंच अवलंबून असतं.

पुढचं बसमधलं मला नंतर कळलं. कंडक्टर तिकिटाला आला. भंतेंनी हात जोडून सांगितलं की पैसे उपासकांकडे आहेत आणि उपासक कामठीत आहेत. शेजारी एक आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटलेली, म्हणजे एसटीत तिकीट माफ. त्यांनी कंबरेची पिशवी सोडली. "माह्या तिकिटाचे पैसे सरकार घेत नाई न? मंग तेच समज हे. फाड भंतेजीचं तिकीट." मग भंतेंना विचारलं, जेवले का? भंतेंनी सांगितलं, डबाही उपासकांकडे. आजी म्हणाल्या, "असा कसा बाप्पा तुमचा उपासक?" हा प्रश्न भंतेंनी मला सांगताना तसाच्या तसा, वऱ्हाडी ठसक्यासह सांगितला. माझ्या मते गाळता आला असता.

मी काळीपिवळीत मागच्या फाळक्याशी लटकत निघालो. वाटेत फोन केला तर आजींनीच उचलला. मनसरच्या अलीकडेच त्यांचं गाव. भंतेंना त्या घरी घेऊन गेल्या होत्या. "तुम्ही आरामात या. आमी जेवाले वाढून राह्यलो." मी ओरडून सांगितलं, "आजी, तिखट नका देऊ! परदेशी आहेत!" फोन कट झाला होता, की त्यांनी केला, कोण जाणे.

पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगणात भंते पात्र धुऊन बसलेले. कपाळावर घाम, नाक लाल, डोळ्यांत पाणी. माझ्या काळजाचा ठोका चुकला. मी आजींवर घसरणार, एवढ्यात लक्षात आलं की भंते हसत आहेत. चार महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ज्वारीची भाकर, चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि पाट्यावर रगडलेला हिरव्या मिरच्यांचा ठेचा. आजी सांगत होत्या, "दोनदा ठेचा घेतला बाप्पा भंतेजीनं. मी वाढला, त्यायनं नाई म्हटलं नाई."

"अगदी घरच्यासारखं," भंते म्हणाले. मग त्यांच्या आईच्या हातचं पोल संबोल सांगू लागले. ओलं खोबरं, कांदा, लिंबू आणि लाल मिरची, रंग येईपर्यंत मिरची. सकाळच्या जेवणाला ते नसेल तर त्यांच्या गावात जेवण झालं असं मानत नाहीत म्हणे.

"भंते, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"आजारी नसताना भिक्षूने हवं ते मागायचं नसतं, उपासकजी."

मी खाली बसलो. पिशवीतला डबा तसाच. त्यात बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात. आजींनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि ठेच्याचा गोळा वाढला. नाही म्हणायची तोंडात हिंमत नव्हती. पहिल्या घासाला उचकी लागली, दुसऱ्याला कान बंद झाले. नागपूरचा जन्म, सावजीच्या गप्पा, आणि मी हौदावर तोंड धरून उभा. भंते उठून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. मनसरचं उत्खनन आम्ही दुपारी पाहिलं. मला ते सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसलं.

आजींची लेक आमच्याच वस्तीत दिलेली. आम्ही परत पोचायच्या आधी बातमी पोचली. दुसऱ्या दिवसापासून घराघरांत चार महिन्यांची भडास निघू लागली. लाल तर्रीचे रस्से, लसणाच्या चटण्या, पाटवड्या, वडाभात, एका घरून तर खास सावजी मसाल्यातलं वांगं. भंते तेजस्वी दिसू लागले. पण भिक्षू उरलेलं अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाही, आणि टाकून द्यायचं तर दान देणाऱ्याचं मन मोडतं. ते संपवायची जबाबदारी परंपरेने कुणाकडे येते? कप्पियकारकाकडे. रोज. महिनाअखेर डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, हल्ली कुठल्या ढाब्यावर जेवता?

त्या रात्री घरी आलो. छातीत जळत होतं. मंडळी स्वयंपाकघरात होती. मी हळूच म्हटलं, "आज जरा बिनफोडणीचं वरण करशील का? मऊ भात, वर थोडं तूप."

ती कढईतलं ढवळत म्हणाली, "काहून? परदेशी आहात का तुम्ही?"